बोटीसाठी थांबणारी गाडी

मार्सेलिस हे नाव मराठी माणसाला एका उडीमुळे ठाऊक आहे. ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात झेप घेतली, ते हे बंदर. ती हकिगत शाळेपासून ऐकलेली. पण बोट मुळात तिथे थांबली कशाला होती, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा, परदेशी सहलींवर टूर मॅनेजर म्हणून काम करायला लागल्यावर. आमच्या धंद्यात बोट कुठे लागते, केव्हा लागते आणि तिथून पुढचं वाहन किती वाजता सुटतं, यावरच सगळी झोप अवलंबून असते. मग जुन्या प्रवासांकडेही मी त्याच नजरेने बघायला लागले.

‘मोरिया’ लंडनजवळच्या टिलबरीहून १ जुलैला निघाली आणि ७ तारखेला मार्सेलिसला पोचली. बिस्केचा उपसागर, पोर्तुगालचा किनारा, जिब्राल्टर असा सगळा वळसा घेत जवळपास आठवडा गेला. लंडनहून आगगाडीने, मधली इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसमार्गे मार्सेलिस गाठायला मात्र एक दिवस आणि वर काही तास पुरत. ज्यांना परवडे ते हिंदुस्थानात येणारे प्रवासी लंडनमध्ये पाच-सहा दिवस जास्त राहत, बिस्केच्या लाटा चुकवत आणि गाडीने येऊन मार्सेलिसला बोट पकडत. पी. अँड ओ. कंपनीच्या मुंबईकडे येणाऱ्या बोटी या बंदरात थांबत त्या अशा लोकांसाठी. ‘कनेक्शन’ हा आज विमानतळावरचा शब्द वाटतो. त्याची मुळं या धक्क्यावर आहेत.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले तेही याच वाटेने, गाडीने मार्सेलिस आणि तिथून बोट. त्यांची पुस्तकं आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवलेलं होतं. महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीने ती दुसरी बोट बुडवली आणि इतक्या कष्टाने जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. माणूस एका वाहनाने आणि त्याचं सामान दुसऱ्या वाहनाने, ही व्यवस्था मी रोज हाताळत आले आहे, आणि ही हकिगत वाचल्यापासून सामानाचा बिल्ला हातात घेताना ती मला आठवल्याशिवाय राहत नाही.

टपालाला तर प्रवाशांहूनही जास्त घाई होती. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचं टपाल इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदरातून जाऊ लागलं. लंडनहून टपालगाडी अख्खा युरोप उभा कापून ब्रिंडिसीला येई. पुढे १८९८ पासून ‘आयसिस’ आणि ‘ओसिरिस’ या दोन लहान, विलक्षण वेगवान बोटी केवळ याच कामाला ठेवल्या होत्या. ब्रिंडिसीला थैल्या आणि मोजके प्रवासी घ्यायचे, पोर्ट सईदला थांबलेल्या मोठ्या बोटीच्या हवाली करायचे आणि मागे फिरायचं. वीस नॉटच्या आसपास त्यांचा वेग होता.

वेळ वाचवण्याची खरी कमाल मात्र एडनच्या पुढे होती. बोटीवरच हिंदुस्थानी टपाल खात्याचं ‘सी पोस्ट ऑफिस’ चाले. १८६८ च्या सुमारास ते सुरू झालं आणि पहिल्या महायुद्धाने बंद पाडलं. एडन ते मुंबई या टप्प्यात, अरबी समुद्रावर हेलकावणाऱ्या बोटीच्या पोटात सॉर्टर लोक विलायतेहून आलेली पत्रं शहरांप्रमाणे लावत बसत. मद्रासची थैली वेगळी, लाहोरची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. बोट मुंबईला लागेपर्यंत काम पुरं झालेलं असे, आणि धक्क्यावरून थैल्या सरळ टपालगाड्यांत चढत. जून-जुलैच्या खवळलेल्या समुद्रातही हे काम चालत असे. मी मांडव्याच्या लाँचमध्ये बसले तरी डोळे मिटून घेते. त्या सॉर्टरांच्या हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मुंबईची बाजू. पंजाब मेल आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते. पण १ जून १९१२ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचा उगम होता बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनात, म्हणजे बोटीच्या अगदी कुशीत. तीन डबे टपालाचे, तीन प्रवाशांचे, एकूण जागा ९६. पेशावरपर्यंतचं २,४९६ किलोमीटर अंतर ती सुमारे ४७ तासांत कापे. त्या प्रवाशांपैकी पुष्कळांच्या हातात साउथॅम्प्टनपासून हिंदुस्थानातल्या आपापल्या नेमणुकीच्या गावापर्यंतचं जोडतिकीट असे. बोटीची शिडी उतरायची, कस्टम्सचा सोपस्कार उरकायचा आणि समोरच्या फलाटावर आपला डबा शोधायचा.

पुढे १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खुला झाला. त्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या आराखड्याबरहुकूम. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे झाली, आणि तिच्या रुळांवरून दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांना आपल्या गाड्या धक्क्यापर्यंत आणता येऊ लागल्या. त्यांपैकी जीआयपीने कलकत्त्यासाठी ‘इम्पीरियल इंडियन मेल’ काढली. बीबीसीआयने १ सप्टेंबर १९२८ ला ‘फ्रंटियर मेल’ काढली. एरवी ती कुलाब्याहून सुटे, पण साहेबलोक विलायतेहून परतायचे त्या हंगामात बॅलार्ड पिअरवरून. दोन कंपन्यांत चुरस होती की बोटीतला माणूस दिल्लीला आधी कोण पोचवतो.

या सगळ्यात माझं लक्ष एका गोष्टीवर खिळून राहतं. बोट धक्क्याला लागली, थैल्या चढल्या, की टपालाची खास गाडी सुटायची. समुद्र खवळला आणि बोट रात्री उशिरा आली, तर गाडी रात्री उशिरा निघायची. वेळापत्रक बोटीच्या मागे चालत होतं. हे कुणाच्या चांगुलपणामुळे घडत नव्हतं. टपाल नेण्यासाठी ब्रिटिश सरकार पी. अँड ओ.ला मोठी रक्कम देई, आणि करारात उशिराबद्दल दंडाचं कलम असे. उशीर झाला की कुणाच्या तरी खिशाला चाट बसत होती. म्हणूनच लंडनच्या फलाटापासून पेशावरपर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येक कडीला पुढच्या कडीची काळजी होती. सोय अर्थात राज्यकर्त्यांची होती, हे विसरून चालणार नाही. त्याच मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्यांसाठी कुणी काही थांबवत नव्हतं. माझी आजी सांगायची: आगबोट खाडीबाहेर उभी राहणार, डोक्यावर ट्रंक आणि काखेत मूल घेऊन हलत्या पडावात उतरायचं, किनाऱ्याजवळ कुणाच्या तरी खांद्यावरून चिखल ओलांडायचा आणि मग बैलगाडी मिळाली तर मिळाली. पावसाळ्यात तर बोटच बंद.

मोल स्टेशन १९४४ मध्ये बंद झालं. पण तोवर आकाशातली साखळी तयार व्हायला लागली होती, आणि तिचं सुरुवातीचं रूप बघण्यासारखं आहे. इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ ला लंडन-कराची सेवा सुरू केली. लंडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान. तिथून इटलीतल्या जिनोव्हापर्यंत रात्रीची आगगाडी. जिनोव्हाहून समुद्रावर उतरणारं विमान अलेक्झांड्रियापर्यंत, आणि पुढे जमिनीवरचं विमान कराचीपर्यंत. एकूण सात दिवस. इतकी वाहनं बदलूनही ते सगळं एकाच तिकिटावर आणि एकाच कंपनीच्या जबाबदारीवर चालत होतं.

कराचीच्या पुढची कडी जे. आर. डी. टाटांनी जोडली. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी त्यांनी पस मॉथ विमान कराचीहून उडवलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते जुहूला उतरले, आणि त्यांचा सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला निघाला. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलवट जमीन. पावसाळ्यात तिथे उतरणं अशक्य, तेव्हा तेवढे महिने सगळा कारभार पुण्याला हलवत. विलायतेहून येणारं टपाल कराचीला उतरे त्यावर टाटांच्या विमानाची वेळ बेतलेली असे. पुढचं वाहन मागच्यासाठी थांबण्याची बोटगाडीची रीत इथेही शाबूत होती.

८ जून १९४८ ला एअर-इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. एका बाजूचं भाडं १,७२० रुपये होतं. जेट विमानं आली, नंतर १९६७ च्या युद्धाने सुएझ कालवा आठ वर्षं बंद पडला, आणि बोटीने विलायतेला जाण्याचं कारणच उरलं नाही. १९७० मध्ये ‘चुसान’च्या फेरीबरोबर पी. अँड ओ.ची मुंबईची प्रवासी सेवा संपली.

मग त्या बोटींचं आणि त्या धंद्याचं झालं काय? पोचवण्याचं काम गेलं, फिरवण्याचं आलं. डिसेंबर १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ ही बोट मायामीहून कॅरिबियन बेटांच्या फेऱ्या करू लागली, १९७० मध्ये ‘साँग ऑफ नॉर्वे’ आली, आणि ज्या विमानाने बोटीचा प्रवासी पळवला त्याच विमानाने बोटीला प्रवासी आणून द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातली माणसं सबंध विमान भाड्याने घेऊन मायामीला आणायची, बोटीवर चढवायची आणि सहल संपली की तसंच परत पाठवायची. ‘एअर-सी’ तिकीट म्हणत त्याला. ते बॅलार्ड पिअरच्या जोडतिकिटाचंच धाकटं भावंड होतं: बोट आणि विमान एकाच पावतीवर.

हे टिकलं नाही. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं उठवली. भाडी उतरली, कंपन्यांनी आपली मोठी केंद्रं बांधली आणि थेट विमानांऐवजी मधे विमान बदलण्याची रीत सार्वत्रिक झाली. प्रवासी स्वतःच स्वस्त तिकीट शोधू लागला. बोटीचं तिकीट एकीकडे आणि विमानाचं दुसरीकडे, आणि मधलं अंतर कुणाचंच नाही. माझं सगळं आयुष्य या मधल्या अंतरात गेलं आहे.

क्रूझची शेवटची रात्र कशी असते ते सांगते. जेवणानंतर सगळे नाचगाण्याला जातात आणि मी एकेका केबिनचं दार वाजवत फिरते. कारण मध्यरात्रीपर्यंत मोठ्या बॅगा रंगीत बिल्ले लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या बोटीच्या तळाशी जातात, आणि थेट सकाळी बंदरातल्या शेडमध्ये दिसतात. ‘काका, पासपोर्ट हातातल्या पिशवीत आहे ना? गोळ्या? सकाळी घालायचे कपडे?’ हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण सगळं नीट घडी घालून बॅगेत भरलेलं आणि सकाळी अंगावर फक्त रात्रीचे कपडे, अशी माणसं जवळपास प्रत्येक फेरीत निघतात. एकदा एका गृहस्थांचं इन्सुलिन बॅगेबरोबर खाली गेलं होतं. बोटीवरच्या डॉक्टरांनी सोय केली, पण त्यांच्या पत्नीने ती रात्र खुर्चीत बसून काढली.

सकाळी बोट बंदरात आली तरी लगेच उतरता येत नाही. आधी तिथले अधिकारी बोटीला मोकळीक देणार, मग बिल्ल्यांच्या रंगाप्रमाणे गट सोडणार, मग शेकडो सारख्याच काळ्या बॅगांतून आपली शोधायची, मग बस. रोमची म्हणून जाहिरात केलेली बोट प्रत्यक्षात चिविताव्हेकियाला लागते, आणि तिथून फ्युमिचिनो विमानतळ साठेक किलोमीटर. बार्सिलोनाला विमानतळ जवळ आहे. फ्लोरिडातल्या पोर्ट एव्हरग्लेड्सला तर तो शेजारीच आहे, आणि तिथेच लोक सर्वांत जास्त फसतात. नकाशावर तीन-चार किलोमीटर दिसतात म्हणून सकाळी दहाचं विमान घेतात. तो वेळ रस्त्यात जात नाही, रांगेत जातो. परदेशी विमानांचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, आणि बंद झालं म्हणजे झालं.

एका फेरीत वाऱ्यामुळे आमची बोट अडीच-तीन तास उशिरा लागली. तिकिटं दुसऱ्या कुणी काढलेली, सकाळच्या विमानाची. आम्ही काउंटरला पोचलो तेव्हा विमान उभं होतं, दार मिटलेलं होतं. बोटवाल्यांनी शांतपणे तिकिटामागची अट दाखवली: पोचण्याच्या वेळेची हमी नाही. विमानवाले म्हणाले, बोटीशी आमचा संबंध नाही. दोघेही कायद्याने बरोबर होते. सत्तरीच्या पुढची माणसं बॅगांवर बसून माझ्याकडे बघत होती, आणि नव्या तिकिटांचे पैसे भरले त्यांच्या मुलांनी, ठाण्याहून आणि डोंबिवलीहून फोनवर कार्डाचे आकडे सांगून. एकाच कंपनीच्या एकाच तिकिटावरची दोन विमानं असती तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागली असती. बोट आणि विमान यांच्यामध्ये तसा कुठलाच करार नाही. म्हणून माझा आग्रह असतो की बोटीतून उतरल्यावर त्या शहरात एक रात्र मुक्काम ठेवा, आणि तेही जमत नसेल तर दुपारनंतरचंच विमान घ्या. मुक्कामामुळे सहलीचा आकडा वाढतो, जाहिरातीत शेजारच्या कंपनीचा आकडा कमी दिसतो, आणि प्रत्येक वर्षी ऑफिसमध्ये ही एक रात्र कापण्यावरून वाद होतो. मी तो वाद घालत आले आहे आणि घालत राहीन.

बोटीवर हा सगळा गोंधळ माझ्याइतकाच जवळून बघणारी माणसं म्हणजे तिथले कर्मचारी. पी. अँड ओ.च्या काळापासून कोकण आणि गोव्याच्या माणसांचं या धंद्याशी नातं आहे. डेकवर कोकणातले खलाशी, जेवणघरात गोव्याचे. त्यांचा करार मुंबईत व्हायचा आणि बोट मुंबईला परतली की संपायचा, त्यामुळे घरी परतण्याचा प्रश्न बोटच सोडवत असे. आज गुहागरचा मुलगा मायामीत बोटीवर चढतो आणि सहा-आठ महिन्यांनी बार्सिलोनात ‘साइन ऑफ’ होतो. त्याचं मुंबईचं तिकीट कंपनी काढते, बंदरावर एजंट गाडी घेऊन उभा असतो, आणि विमान चुकलं तर तोच पुढचं तिकीट काढतो. २०१३ पासून जगभर लागू झालेल्या सागरी कामगार कराराने हे बंधनकारक केलं आहे: करार संपल्यावर खलाशाला घरी पोचवायचं, आणि त्याचा खर्च मालकाने करायचा. भारतानेही २०१५ मध्ये तो मान्य केला. त्यामागे खलाश्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं केलेली भांडणं आहेत. प्रवाशांची अशी संघटना कधी उभी राहिली नाही.

मार्च २०२० मध्ये विमानंच थांबली, तेव्हा या हमीचीही कसोटी लागली. प्रवासी कसेबसे उतरवले गेले, पण कर्मचारी आठवडेच्या आठवडे समुद्रावर अडकले. काही कंपन्यांनी रिकाम्या बोटींतून त्यांना महासागर ओलांडून आपापल्या देशांकडे नेलं. ‘मॅरेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर थांबून राहिले होते. घरच्यांनी, संघटनांनी पाठपुरावा केला, सरकारने नियम शिथिल केले, आणि २३ एप्रिलला मुंबई बंदरात त्यांना उतरवून घेण्यात आलं. तपासणी झाली, विलगीकरण झालं, आणि मग त्यांना आपापल्या घरी सोडण्यात आलं.